काजव्याचा उजेड, उंदराचे ऋण

नगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव दार नसलेल्या घरांसाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. शनिवारी किंवा शनी अमावास्येला घोडेगावमार्गे दर्शनास जाणारा यात्रेकरू चौथऱ्यावरील शिळेस तेल वाहतो आणि परतताना गावातील दाराविना चौकटी कुतूहलाने पाहतो. युको बँकेने २०११ साली येथे शाखा उघडली, तीही कुलपाविना. घरात काय आहे हे येथे वाटेने जाणाऱ्यालाही दिसते.

मनुष्याच्या देहाचे तसे नाही. त्वचेच्या आड काय चालले आहे हे देह ज्याचा त्यालाही कळत नाही. कर्करोगाची भीती वाटते ती मुख्यतः याच कारणाने. गाठ हाताला लागते तेव्हा ती कित्येक महिने आत वाढत असते. शस्त्रक्रियेने ती काढली तरी तिच्यातून निसटलेल्या मूठभर पेशी यकृतात, फुप्फुसात किंवा हाडात जाऊन बसल्या आहेत काय, याचे उत्तर सहज मिळत नाही. नवे औषध शोधणाऱ्या संशोधकापुढेही हाच प्रश्न असतो. औषधाने गाठ खरोखर आटली की नाही, हे देह न उघडता कसे पाहावे?

गेल्या तीन दशकांत या प्रश्नाचे एक उत्तर प्रयोगशाळांनी शोधले आहे. गाठीलाच प्रकाश द्यायला लावायचे आणि तो प्रकाश बाहेरून टिपायचा. हा प्रकाश प्रथम ज्या जीवाकडून घेतला गेला, तो जीव नगर जिल्ह्याच्या रहिवाशांना चांगला परिचित आहे. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या परिसरात, मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखतात. पावसाची पहिली चाहूल लागताच नर काजवा मादीला साद घालतो, ती या उजेडाच्या भाषेत.

काजव्याच्या पोटातील दिवा

काजव्याच्या उजेडाला ज्योत नसते आणि उष्णताही जवळजवळ नसते. त्याच्या पोटातील विशिष्ट पेशींत ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते आणि ल्युसिफरेज नावाचे विकर असते. पेशीतील एटीपी, म्हणजे प्रत्येक सजीव पेशी ज्याच्या बळावर काम करते तो ऊर्जेचा साठा, आणि प्राणवायू यांच्या साहाय्याने हे विकर ल्युसिफेरिनचे रूपांतर घडविते आणि त्या क्रियेत प्रकाश बाहेर पडतो. सजीवांच्या अशा उजेडाला जीवदीप्ती म्हणतात. दिव्यात तेल, वात आणि हवा तिन्ही लागतात, तसेच येथेही आहे. एटीपी नसेल तर उजेड नाही, आणि मृत पेशीत एटीपी टिकत नाही. त्यामुळे हा दिवा फक्त जिवंत पेशीतच पेटतो. पुढील सर्व संशोधनाचा आधार हाच गुण आहे.

काजव्याच्या उजेडाला एटीपी लागते, हे अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे विल्यम मॅक्एलरॉय यांनी १९४७ साली दाखवून दिले. त्यांना प्रयोगासाठी काजवे हवे होते. शहरातील मुलांना त्यांनी दर शंभर काजव्यांमागे पंचवीस सेंट देऊ केले आणि मुलांनी बरण्या भरभरून काजवे आणले. पुढे रसायने विकणाऱ्या एका कंपनीनेही काजवे गोळा करणाऱ्यांचे मंडळच चालविले. जैन घरातील वाचकाच्या मनात येथे एक कळ उमटणे स्वाभाविक आहे. चतुरिंद्रिय जीवाची किंमत शेकड्यावर ठरली होती.

ही खरेदी पुढे अनावश्यक ठरली, तीही विज्ञानामुळेच. १९८५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शास्त्रज्ञांनी फोटिनस पायरॅलिस या अमेरिकी काजव्यातील ल्युसिफरेजचे जनुक वेगळे केले. जनुक म्हणजे विकर तयार करण्याची लिखित कृती. ती हाती आल्यावर जीवाणूंकडूनच ते विकर हवे तेवढे बनवून घेता येऊ लागले. काजवा पकडण्याची गरज उरली नाही. दुसऱ्याच वर्षी हे जनुक तंबाखूच्या रोपात घातले गेले आणि ते रोप अंधारात मंद उजळले.

गाठीत ठेवलेली खूण

१९९५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रिस्टोफर काँटॅग, पामेला काँटॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाश देणारे जीवाणू उंदराच्या शरीरात सोडले आणि ते कोठे आहेत हे बाहेरून कॅमेऱ्याने टिपून दाखविले. १९९९ मध्ये याच गटाने मानवी कर्करोगाच्या पेशींत काजव्याचे जनुक घालून त्या उंदराच्या शरीरात सोडल्या आणि उपचारानंतर त्या पेशी कशा नाहीशा होतात हे जिवंत उंदरात पाहिले. त्या पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून १९५१ साली, तिला न विचारता, घेतलेल्या पेशींच्या वंशातील होत्या. या विद्येच्या पायाशी न विचारता घेतलेल्या देण्यांची अशी एक रांगच आहे.

आज ही पद्धत पुढीलप्रमाणे चालते. प्रयोगशाळेत वाढविलेल्या कर्कपेशींमध्ये ल्युसिफरेजचे जनुक कायमचे बसवितात. त्या पेशी बहुधा केसविरहित उंदराच्या शरीरात सोडतात. या उंदरांना जन्मतः थायमस ग्रंथी नसते, त्यामुळे त्यांचे शरीर मानवी पेशींना परके समजून हुसकावून लावीत नाही. डेन्मार्कमधील संशोधकांनी १९६९ साली अशा उंदरात मानवी गाठ प्रथम वाढविली होती. गाठ रुजल्यावर ठरावीक दिवसांनी उंदराला ल्युसिफेरिन टोचतात, वायूने भूल देतात आणि उबदार पाटावर ठेवून एका पूर्ण काळोख्या पेटीत नेतात. पेटीच्या छतावर उणे ९० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेला कॅमेरा असतो. कॅमेरा इतका थंड ठेवावा लागतो, कारण उंदराच्या देहातून बाहेर येणारा उजेड मानवी डोळ्याला दिसणारही नाही इतका अंधुक असतो, आणि कॅमेऱ्याच्या स्वतःच्या उष्णतेने उमटणारे खोटे ठिपके त्याला सहज झाकून टाकतील. काही सेकंद ते काही मिनिटे कॅमेरा उघडा राहतो. मग संगणकाच्या पडद्यावर उंदराच्या छायाचित्रावर रंगीत ठिपका दिसतो. निळा म्हणजे कमी उजेड, तांबडा म्हणजे अधिक. ठिपका वाढला तर गाठ वाढली, विझत गेला तर औषध लागू पडले, आणि दुसऱ्याच जागी नवा ठिपका उगवला तर रोग पसरला.

मांसातून उजेड बाहेर येतो कसा, याचा पडताळा घरीच घेता येतो. अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या दिव्यावर तळहात ठेवला तर बोटांच्या कडा लालसर उजळतात. दिव्याचा उजेड पांढरा असतो. पण रक्तातील द्रव्ये निळा आणि हिरवा भाग शोषून घेतात आणि तांबडा भाग तेवढा पार होतो. उंदराच्या उबदार देहात काजव्याच्या विकराचा उजेडही पिवळ्याकडून तांबड्याकडे झुकतो, हा योग या पद्धतीच्या कामी आला. तरीही एक सेंटिमीटर मांस ओलांडताना उजेड सुमारे दहापट मंदावतो. म्हणून ही पद्धत वीस-पंचवीस ग्रॅम वजनाच्या उंदरासाठी योग्य आहे; माणसाच्या पोटातील गाठ अशा रीतीने पाहता येणार नाही.

जमा आणि नावे

ही पद्धत येण्यापूर्वी औषधाचा परिणाम पाहण्याचा मार्ग सरळ आणि कठोर होता. दर आठवड्याला काही उंदीर मारायचे, त्यांचा देह उघडायचा आणि गाठ मोजायची. व्यापारी घरातील वाचकाला यातील फरक आकड्यांत लगेच कळेल. कल्पना करावी की एका औषधाची पाच आठवडे परीक्षा घ्यायची आहे. एका गटाला औषध, दुसऱ्याला नाही. प्रत्येक आठवड्याला प्रत्येक गटातील आठ उंदीर तपासायचे. दोन गट, पाच आठवडे, आठ उंदीर, म्हणजे ऐंशी जीव. प्रकाशाच्या पद्धतीने मात्र तेच सोळा उंदीर पाचही आठवडे पाहता येतात. चौसष्ट जीव प्रयोगात आलेच नाहीत.

शिवाय माहितीही अधिक खरी मिळते. पहिल्या आठवड्यात मारलेला उंदीर आणि पाचव्या आठवड्यात मारलेला उंदीर हे दोन निराळे जीव होते. त्यांची तुलना अंदाजाचीच असते. एकाच उंदराची गाठ आठवड्यामागून आठवडे पाहिली, तर तो स्वतःच स्वतःच्या तुलनेचा आधार होतो. रोगाचा प्रसार कोणत्या दिवशी, कोणत्या अवयवात सुरू झाला हेही कळते.

आणखी एक लाभ आकड्यांत मावत नाही. गाठ बाहेरून दिसू लागण्याआधी, उंदीर खाणे सोडण्याआधी किंवा वेदनेने कण्हण्याआधीच पडद्यावरील उजेड सांगतो की रोग किती वाढला आहे. त्यामुळे प्रयोग कोठे थांबवायचा हे आधी ठरविता येते आणि प्राण्याचे हाल होण्यापूर्वी तो थांबविता येतो.

ही जमेची बाजू झाली. नावेच्या बाजूला काय लिहायचे, हेही स्पष्ट असले पाहिजे. सोळा उंदीर उरले म्हणून सोळा जीवांचे दुःख शून्य होत नाही. त्यांच्या देहात रोग मुद्दाम पेरला गेला आहे आणि प्रयोगाच्या अखेरीस त्यांतील बहुतेकांना मारलेच जाते. उंदीर पंचेंद्रिय आहे. त्याला भय आहे, वेदना आहे. या पद्धतीला अहिंसा म्हणणे ही आत्मवंचना ठरेल. ती हिंसेची मात्रा कमी करते, इतकेच म्हणता येते, आणि तेवढेच म्हटले पाहिजे.

खारघरची प्रयोगशाळा

हे काम परदेशातच चालते असे नाही. मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि महाराष्ट्रातील क्वचितच एखादे मोठे कुटुंब असेल, ज्याला त्याची पायरी कधी चढावी लागली नाही. याच टाटा स्मारक केंद्राची संशोधनसंस्था, म्हणजे ॲक्ट्रेक, नवी मुंबईत खारघरच्या टेकड्यांजवळ साठ एकरांच्या परिसरात आहे. तेथे लहान प्राण्यांच्या प्रकाश-प्रतिमांकनाची सोय असून डॉ. प्रीथा रे आणि डॉ. अभिजित डे यांनी या विषयावर प्रदीर्घ काम केले आहे.

या दोघांनी आधी अमेरिकेत डॉ. संजीव गंभीर यांच्या गटात काम केले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका शोधनिबंधात तीन खुणा एकत्र जोडलेले एक जनुक वर्णिले आहे. एक खूण काजव्याप्रमाणे जीवदीप्तीची, दुसरी बाहेरचा उजेड पडताच चमकणारी, आणि तिसरी रुग्णालयातील पेट स्कॅनमध्ये दिसणारी. एकच पेशी तिन्ही डोळ्यांनी पाहता यावी, हा त्यामागील हेतू होता. त्या निबंधाचे एक सहलेखक रॉजर त्सिएन यांना पुढे, २००८ साली, जेलीफिशमधील हिरव्या चमकत्या प्रथिनावरील कार्यासाठी दोघा सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

अंबाल्यात जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या डॉ. गंभीर यांनी सारे आयुष्य रोग लवकर दिसावा यासाठी वेचले. २०१५ साली त्यांचा किशोरवयीन मुलगा मेंदूच्या कर्करोगाने गेला, आणि जुलै २०२० मध्ये कर्करोगानेच त्यांचाही अंत झाला. विज्ञान किती पुढे गेले आहे आणि किती अपुरे आहे, हे दोन्ही एकाच आयुष्यात दिसते.

खारघरला डॉ. रे यांच्या गटाने अंडाशयाच्या कर्करोगाचा एक कूट प्रश्न हाती घेतला. या रोगात सिस्प्लॅटिनसारखी औषधे प्रथम चांगली लागू पडतात. काही काळाने गाठ परत येते आणि तेव्हा तेच औषध तिला जुमानत नाही. कोणत्या घरातील आई, काकू किंवा आत्या यातून गेली असेल, तर 'पहिल्या वेळी गुण आला, मग आता का नाही?' हा प्रश्न त्या घरात अनेकदा विचारला गेला असेल. पीआयके३सीए हे जनुक पेशींच्या वाढीशी आणि तगून राहण्याशी निगडित आहे. त्या जनुकाचे बटण औषधामुळे कमी-अधिक कसे होते, हे जिवंत उंदरात प्रतिमांद्वारे पाहण्याचे काम या गटाने केले आणि ते २०१३ साली प्रसिद्ध झाले. औषध दिल्यावर पेशीच्या आत काय घडते, हे ती पेशी जिवंत असतानाच दिसू लागले. औषधाला न जुमानणाऱ्या गाठीवर उपाय शोधण्याची वाट येथूनच जाते.

माणसाच्या उपचारापर्यंतही प्रकाश आता वेगळ्या रूपाने पोचला आहे. मेंदूच्या गाठीची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी रुग्णाला एक औषध पाजतात. ते कर्कपेशींत साठते आणि निळ्या उजेडाखाली गाठ गुलाबी-तांबडी चमकते. अमेरिकेत त्याला २०१७ साली मान्यता मिळाली. अंडाशयाच्या कर्करोगासाठीही असेच एक चमकणारे औषध २०२१ मध्ये मान्य झाले. डोळ्याला न दिसणारा तुकडा मागे राहू नये, हा त्यांचा उपयोग आहे.

कायदा आणि जयणा

प्रयोगांतील प्राण्यांविषयी १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन नियम मांडले, ते आज जगभर मानले जातात. जेथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग आहे तेथे प्राणी वापरू नये. वापरणे अटळ असेल तर संख्या कमीत कमी ठेवावी. आणि जे वापरले जातील त्यांचे दुःख कमीत कमी करावे. प्रकाशाची पद्धत यांतील दुसऱ्या आणि तिसऱ्या नियमाची सेवा करते. पहिल्याची करीत नाही.

भारतात १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने वैज्ञानिक प्रयोगांना परवानगी दिली, पण त्यांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूदही केली. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा प्राणी घेऊ नये, आणि शिक्षणात पुस्तके, प्रतिकृती किंवा चित्रफिती पुरत असतील तर प्राण्यावर प्रयोग करू नये, असे हा कायदा सांगतो. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत एक नीती समिती असावी लागते. तिच्यात शास्त्रज्ञ आणि पशुवैद्य असतातच. त्यांच्यासोबत शास्त्रज्ञ नसलेला, सामाजिक जाण असलेला एक सदस्यही असतो. मार्च २०२३ मध्ये भारताने औषधचाचणीच्या नियमांत बदल करून मानवी पेशींवरील चाचण्या आणि काचेच्या सूक्ष्म पट्टीवर घडविलेले अवयव यांसारख्या प्राणीविरहित मार्गांना वाव दिला. अमेरिकेने तसा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये केला होता. पहिल्या नियमाची वाट हळूहळू रुंद होत आहे.

जैन परंपरेत या विचारासाठी फार जुना शब्द आहे: जयणा. पाणी गाळून वापरणे, दिवा झाकून ठेवणे, धान्य निवडून घेणे, चालताना पायाखाली पाहणे, या साऱ्या कृतींमागे एकच जाण आहे. गृहस्थाच्या जीवनात हिंसा पूर्ण टळत नाही. म्हणून जे करावे लागते ते जाणीवपूर्वक, कमीत कमी जीवहानी होईल अशा रीतीने करावे. प्रमाद हे हिंसेचे मूळ मानले आहे, ते याच अर्थाने. रसेल आणि बर्च यांचे तीन नियम म्हणजे प्रयोगशाळेतील जयणा होय.

या जाणिवेला कृतीची जोड समाज देऊ शकतो. समाजाने रुग्णालये उभारली आहेत. नगरमध्ये आचार्य आनंदऋषिजींच्या नावाने उभे असलेले रुग्णालय हे त्याचे जवळचे उदाहरण. कर्करोगाच्या उपचारासाठी आणि संशोधनासाठी जैन दात्यांच्या थैल्या सैल होतात. देणगी देताना आणखी दोन प्रश्न विचारण्यास काहीच हरकत नाही. या संशोधनात प्राणी किती लागतील, आणि ते कमी करण्यासाठी काय केले आहे? प्राणीविरहित पद्धतींसाठी राखून दिलेली देणगी हेही जीवदयेचेच दान आहे. नीती समितीतील त्या बिगरशास्त्रज्ञ सदस्याच्या जागेसाठी समाजातील सुशिक्षित, विचारी व्यक्तींनी स्वतःहून पुढे यावे. प्रयोग संपल्यावर जगू शकतील अशा मोठ्या प्राण्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्नही आहेच, आणि पांजरापोळ चालविण्याचा जितका अनुभव या समाजाला आहे तितका क्वचितच कोणाला असेल.

प्रश्न टाळणे मात्र योग्य नव्हे. घरातील कोणी आजारी पडले की प्रत्येक कुटुंब केमोथेरपीचे औषध आणते, आणि ते आणलेच पाहिजे. रुग्णाला उपचार नाकारणे हा अहिंसेचा मार्ग नाही. पण त्या बाटलीच्या मागे कोणाचे प्राण खर्ची पडले आहेत, हे माहीत असलेले बरे. रशियातील नोवोसिबिर्स्क येथे एका संशोधनसंस्थेच्या आवारात २०१३ साली प्रयोगशाळेतील उंदराचे स्मारक उभारले गेले. नाकावर चष्मा लावलेला तो उंदीर सुयांनी जनुकांचा गोफ विणतो आहे. शास्त्रज्ञांनी आपले ऋण तेथे दगडात आणि धातूत मान्य केले आहे.

संवत्सरीच्या दिवशी श्रावक सर्व जीवांची क्षमा मागतो. त्या वेळी डोळ्यांसमोर नातलग येतात, शेजारी येतात, दुकानातील माणसे आणि ज्यांच्याशी व्यवहार झाला ते सारे येतात. काळोख्या पेटीत उबदार पाटावर निजलेला, पोटात काजव्याचा उजेड घेतलेला तो लहानसा जीवही त्यांच्या रांगेत असावा. त्याचे देणे फेडता येणार नाही. ते वहीत लिहून ठेवणे आणि दरवर्षी ते कमी व्हावे यासाठी झटणे, एवढे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.